सहा सिलिंडर, ब्याण्णव मिलिमीटर

जुन्या टाटा ट्रकच्या इंजिनाला गॅरेजमधले लोक 'सहा ब्याण्णव' म्हणतात. त्याच्या नंतरचे 'सहा सत्त्याण्णव' आणि ४०७ गाडीतले 'चार सत्त्याण्णव'. हे कंपनीने दिलेले मॉडेल-क्रमांक असतील असे समजून आपण पुढे जातो. पण ती मापे आहेत. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरचा व्यास ब्याण्णव मिलिमीटर. पिस्टनची धाव १२० मिलिमीटर. गुणाकार केला की सुमारे ४.८ लिटर येतात. १९५४ साली जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने जो पहिला ट्रक तयार झाला, त्यातल्या 'ओएम ३१२' या जर्मन इंजिनाची धावही १२० मिलिमीटरच होती. व्यास तेवढा नव्वद, म्हणजे दोन मिलिमीटरने कमी. बापलेकांची चण जुळावी तशी ही मापे जुळतात.

लेलँडच्या इंजिनाचा '३७०' हा आकडा मात्र घन इंचांचा आहे, आणि पर्किन्सच्या '६.३५४' मधला ३५४ सुद्धा. म्हणजे एकाच रस्त्यावर मिलिमीटर मोजणारी जर्मन परंपरा आणि इंच मोजणारी ब्रिटिश परंपरा शेजारी शेजारी धावत होत्या, आणि मेस्त्रीच्या पेटीत पान्यांचे दोन वेगळे संच असत. गंमत अशी की या भांडणात शेवटपर्यंत कोणी हरले नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही मिलिमीटरमधल्या इंजिनाचा क्रँक घासून आणला की कारागीर विचारतो, "दहा साइज की वीस साइज?" हा दहा म्हणजे एका इंचाचे दहा हजारांश, म्हणजेच पाव मिलिमीटर. इंजिन जर्मन, बेअरिंगची भाषा इंग्रजी, आणि बोलणारा कोल्हापूरचा.

या आकड्यांच्या मागे लागलो तो एका साध्या प्रश्नामुळे. स्वातंत्र्यानंतरची चाळीस वर्षे या देशाचा माल प्रामुख्याने शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या, दोन अ‍ॅक्सलच्या, मध्यम वजनाच्या ट्रकने वाहिला. जगात यापेक्षा ताकदवान इंजिने होती. मग हेच इंजिन का? ते कोणी निवडले? माझे शिक्षण यंत्रशास्त्राचे नाही. दुरुस्तीची जुनी पुस्तके, जाहिराती, आयोगांचे अहवाल आणि फळीवर उघडून पडलेली इंजिने एवढीच माझी शाळा. तिथून जे हाती लागले त्यात 'मालकाने ताकद पाहून इंजिन निवडले' याला आधार सापडत नाही. ताकदीचा नंबर बराच खाली लागतो.

सुरुवात इंधनापासून करावी लागते. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली ऑग्सबुर्गला यशस्वी चालले, पण ते घरभर उंच होते. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडायचा. हवा सोळा-अठरा पट दाबायची म्हणजे भिंती जाड हव्यात. म्हणून इंजिन जड, आणि जड म्हणून कारखान्यात नाहीतर जहाजात. ते रस्त्यावर आले १९२३-२४ मध्ये, बेंझ आणि 'एमएएन' या जर्मन कंपन्यांच्या ट्रकमध्ये. खरा अडथळा इंजिनाचा नव्हता, पंपाचा होता. मिनिटाला हजारो वेळा, थेंबाएवढे तेल, नेमक्या क्षणी आणि प्रचंड दाबाने सोडायचे. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ पासून असा पंप मोठ्या संख्येने काढायला सुरुवात केली आणि मग कोणालाही डिझेल ट्रक बनवणे शक्य झाले. या पंपाकडे आपण परत येणार आहोत, कारण माझ्या मते आपल्याकडची निवड तिथेच झाली.

त्याच सुमारास हिंदुस्थानात एक वेगळीच गोष्ट घडत होती. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर मराठी वाचकाला राजकारणी म्हणून आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून माहीत असतात. रस्त्यांच्या इतिहासात त्यांचे नाव १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष म्हणून येते. रस्ते स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा वेगळा निधी करावा, असे जयकर समितीने सुचवले. १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांची वाढ झाली आणि केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. कर होता तो 'मोटर स्पिरिट'वर, म्हणजे पेट्रोलवर. त्यात समितीची चूक काढता येत नाही. तेव्हा रस्त्यावर धावत होते ते पेट्रोलच. पण पुढे डिझेल ट्रक आले तरी रस्ते निधीचा कर पेट्रोलवरच राहिला. डिझेलवर इतर कर होते, आयात-उत्पादन शुल्क होते. रस्त्यासाठीचा हा खास कर मात्र डिझेलवर प्रत्यक्ष लागू झाला तो थेट १९९९ मध्ये. म्हणजे रस्ता सर्वात जास्त झिजवणाऱ्या वाहनाच्या इंधनाने सत्तर वर्षे त्या निधीत भर घातली नाही. स्कूटरवाल्याने घातली.

करामुळे डिझेल स्वस्त, शिवाय एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त ऊर्जा, आणि दाब जास्त असल्याने त्या ऊर्जेतली जास्त कामाला येणार. हा तिहेरी फायदा दिसताच पेट्रोल ट्रकचे दिवस भरले. महायुद्ध संपल्यावर इथे जे ट्रक होते ते मुख्यतः पेट्रोलवरचे अमेरिकन: फोर्ड, शेव्हरोलेट, डॉज. त्यांचे सांगाडे भक्कम होते. इंग्लंडात पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीने 'पी-६' नावाचे ४.७ लिटरचे डिझेल इंजिन काढले होते ते अशाच गाड्यांमधले पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी बसेल अशा बेताचे. हेच इंजिन मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने इथे आणले आणि पुढे इथे बनवले. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या ट्रकलाही ते बसले. तो ट्रक डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा तीन नावांनी विकला जाई. नावाची पट्टी वेगळी, गाडी एकच.

त्या काळच्या खिचडीची कल्पना एसटीवरून येते. १९४८ साली राज्य परिवहन सुरू झाले तेव्हा ताफ्यात शेव्हरोलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. दहा जाती म्हणजे दहा तऱ्हेची गॅस्केटे, दहा तऱ्हेचे पिस्टन. सेडनमध्ये पुन्हा पर्किन्सचेच इंजिन असे. आगारातल्या भांडारपालाचे काय होत असेल याचा विचार केला की पुढच्या काळात सगळ्यांना एकाच इंजिनाचे वेड का लागले ते समजते.

ही खिचडी सरकारने निवडून काढली. १९५३ मध्ये टॅरिफ आयोगाने शिफारस केली की ज्यांच्याकडे इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच टिकू द्यावे, नुसती जोडणी करणाऱ्यांना नाही. १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आणि तिच्याबरोबर फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मध्यम ट्रकच्या बाजारात उरले ते मोजके: कुर्ल्याला प्रीमियर, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बेडफर्ड बनवणारी हिंदुस्थान मोटर्स, मद्रासजवळ एन्नोरला अशोक लेलँड आणि जमशेदपूरला टेल्को. टेल्कोची धुरा वाहणारे सुमंत मुळगावकर हे मुंबईचे. पुढे पिंपरी-चिंचवडला दुसरा कारखाना उभा राहिला तोही त्यांच्याच काळात. म्हणजे ट्रकमालकासमोर ताट वाढून आले तेव्हा त्यात तीन-चारच पदार्थ होते, आणि हव्या त्या पदार्थासाठी नंबर लावून वाट पाहावी लागे, नाहीतर वरचे पैसे मोजावे लागत.

तरी त्या तीन-चारांतूनही मालकांनी निवड केलीच. दक्षिणेत लेलँड, उत्तरेत आणि पश्चिमेत टाटा-मर्सिडीज अशी ढोबळ वाटणी झाली, पर्किन्सवाली डॉज-फार्गो मागे पडत गेली. का? कागदावर पाहिले तर ओएम ३१२ काही विशेष नव्हते. ताकद नव्वद-शंभर अश्वशक्ती. लेलँडचे कॉमेट इंजिन त्याहून मोठे होते आणि तेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे. ओएम ३१२ मध्ये तेल आधी एका छोट्या पूर्वकोठीत जाई, तिथे अर्धवट पेटे आणि मग ज्वाला होऊन सिलिंडरमध्ये उतरे. या पूर्वकोठीच्या भिंतींतून उष्णता वाया जाते, त्यामुळे दहा-पंधरा टक्के तेल जास्त लागते. थंडीत सकाळी हीटर प्लग तापवल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

पण पूर्वकोठीला साधा फवारा पुरतो. तिच्या नोझलला एकच भोक असते आणि त्यात एक पिन आत-बाहेर होत राहते. काजळी धरली तर तीच पिन ती झाडून काढते. थेट फवारणीच्या नोझलला केसासारखी बारीक चार-पाच भोके असतात. त्यातले एक बुजले तरी फवारा बिघडतो, धूर येतो, पिस्टन जळू शकतो. आता १९५५-६० चे डिझेल डोळ्यांपुढे आणा. पिंपात साठवलेले, पितळी मापाने उपसलेले, ताडपत्रीखाली तापलेले, पावसाळ्यात पाणी शिरलेले. पुढे त्यात शिधापत्रिकेवरचे निळे रॉकेलही मिसळू लागले. असल्या तेलावर कोणते इंजिन निभावेल, हा खरा प्रश्न होता.

आता पंप. टाटाच्या इंजिनावरचा बॉश जातीचा पंप ओळीत बांधलेला असे: सहा सिलिंडरना सहा वेगळी पंपघरे, खाली एक दांडा, आणि त्या दांड्याला वंगणाचे वेगळे तेल. एका घराने दगा दिला तर बाकीची पाच चालतात. गाडी 'मिसिंग' मारत, धूर ओकत का होईना, पण पाचवर घरी येते. पर्किन्सच्या नंतरच्या ६.३५४ इंजिनावर सहसा येणारा पंप वाटपाच्या जातीचा होता. एकच फिरता भाग पाळीपाळीने सहाही सिलिंडरना तेल वाटतो. पंप लहान, हलका, बनवायला स्वस्त. पण त्याचे वंगण म्हणजे त्याच्यातून जाणारे डिझेलच. त्यात पाणी आले किंवा रॉकेलने वंगणपणा गेला की फिरता भाग धरतो आणि सहाही सिलिंडर एकदम बंद पडतात. रात्री दोन वाजता, घाटात, माल भरलेला.

बॉशच्या सहकार्याने बंगलोरला १९५१ मध्ये निघालेल्या 'मायको' कंपनीने हे पंप आणि नोझल इथे बनवायला सुरुवात केली. थोड्याच काळात मायको हे नाव कंपनीचे न राहता वस्तूचे झाले. पुण्याच्या नाना पेठेत नोझल मिळू लागली, तालुक्याच्या गावी पंप 'सेट' करणारा मेस्त्री बसू लागला. पंपाने हवा धरली तर हाताच्या पंपाने ती कशी काढायची हे क्लीनरलाही माहीत झाले. माझा निष्कर्ष असा की मालक इंजिन निवडत नव्हता, तो मेस्त्री निवडत होता. जे इंजिन मनमाडलाही उघडता येईल आणि शिरवळलाही, तेच चांगले. एकदा असे मेस्त्री संख्येने वाढले की पुढचा ग्राहक त्यांच्याकडे पाहून तीच गाडी घेतो, आणि गाड्या वाढल्या की मेस्त्री वाढतात. दहा-पंधरा टक्के जादा डिझेल या सोयीच्या मानाने मालकाला चालले. डेमलर-बेंझबरोबरचा करार १९६९ मध्ये संपला, नाकावरचा तारा जाऊन 'टी' आला, आणि पुढे ६९२ थेट फवारणीचे होऊन तेलाचा तोटाही भरून निघाला. तोवर मेस्त्री तयार होते.

मग ताकदीचे काय? तिचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. मालासह बारा टनांची गाडी, पंधरात एक असा चढ. वजनाचा पंधरावा भाग, म्हणजे ८०० किलो, गाडीला मागे ओढतो. चाकांचा रस्त्याशी अडसर धरून आणखी १८० किलो. शंभर अश्वशक्तीतली पंधरा टक्के गियर आणि धुऱ्यांत गेली असे धरले तर गाडी ताशी साधारण तेवीस किलोमीटरने चढेल. दीडशे अश्वशक्ती असती तर पस्तीसने. दहा किलोमीटरच्या घाटात फरक पडतो नऊ मिनिटांचा. तीच गाडी नंतर मुंबईच्या जकात नाक्यावर तासन् तास उभी राहणार. ही जकात गेली १ जुलै २०१७ रोजी. तोपर्यंत जादा अश्वशक्तीत गुंतवलेला पैसा नाक्यावरच्या रांगेत उभा राहून फुकट जात होता, आणि आडदांड हिशेब करणाऱ्या मालकाला हे कोणत्याही अभियंत्यापेक्षा आधी कळले होते.

त्याला कळलेली दुसरी गोष्ट अशी की वेग घालवून वजन कमावता येते. वरच्याच हिशेबात बारा टनांऐवजी सोळा टन घातले तर गाडी तेविसाऐवजी साडेसतराने चढते, पण चढते. भाडे टनावर मिळते, तासावर नाही. म्हणून पाटे वाढवले गेले, हौद्याच्या फळ्या उंच झाल्या, आणि 'पासिंग'पेक्षा किती जास्त घेते यावर गाडीची कीर्ती ठरू लागली. काही राज्यांनी तर ठरावीक पैसे भरून जादा माल नेण्याचे परवानेच दिले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदा ठरवला. इंजिन बिचारे दोन्ही काळांत तेवढेच होते.

चढाचे झाले, उताराचे राहिले. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेची वाट बंद होते आणि इंजिन गाडीला अडवते. डिझेलमध्ये हवा मोकळी असते, त्यामुळे इंजिनाचा अडसर कमी पडतो. म्हणून एक्झॉस्ट ब्रेक लागतो, म्हणूनच ज्या गियरने चढलात त्याच गियरने उतरा हा जुन्या चालकांचा नियम. पण पुष्कळ मालक खेपेसाठी डिझेल मोजून देत आणि वाचेल ते चालकाचे असे. मग खंबाटकी असो वा कसारा, उतारावर गाडी न्यूट्रल होई. शेकडो मीटरचा उतार, सोळा टन, आणि तापत जाणारे ब्रेकचे ड्रम. कमी तेल पिते म्हणून इंजिन घ्यायचे आणि तेच तेल वाचवायला चालकाला पगाराचा भाग म्हणून लावायचे, हा व्यवहार त्या इंजिनाच्या कोणत्याही माहितीपत्रकात नाही. ताकद, व्यास, धाव, सगळे आहे.

ऐंशीच्या दशकात जपानी आले. टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी यांनी एकेक भारतीय भागीदार धरून चार हलके ट्रक काढले. इंजिने नेटकी, चपळ, कमी आवाजाची. टाटाने १९८६ मध्ये ४०७ काढला, त्यात ते चार सत्त्याण्णव. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागला आणि जपानहून येणारे सुटे भाग परवडेनासे झाले. टोयोटा आणि निसानच्या गाड्या टिकल्या नाहीत, माझदा आणि मित्सुबिशीच्या टिकल्या. ४०७ तर आजही दिसतो. या प्रकरणावर स्वतंत्र लेख होईल. इथे एवढेच, की पिस्टन कोणत्या चलनात विकत घ्यायचा हाही इंजिनाच्या निवडीचाच भाग ठरला.

या साऱ्यात चालकाला कोणी विचारले नाही. कित्येक दशके ट्रक कारखान्यातून निघे तो सांगाडा, इंजिन आणि पुढचा तोंडवळा एवढाच. केबिन मालक बाहेर सुताराकडून लाकडात बांधून घेई. लांब नाकाच्या गाडीत इंजिन निदान समोर होते. जास्त माल बसावा म्हणून नाक गेले आणि इंजिन केबिनमध्ये आले, चालक आणि क्लीनर यांच्या मधोमध. त्यावर गोधडी टाकून क्लीनर झोपतो, हिवाळ्यात डबा गरम करतो. मे महिन्यात विदर्भातून जाणाऱ्या गाडीत त्या झाकणाला हात लावून पाहावा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. नोझल आता संगणकाच्या हुकमाने उघडते, तेलाचा दाब पूर्वीच्या कितीतरी पट झाला आहे, धुरावर युरियाचे पाणी फवारले जाते. मनमाडचा मेस्त्री झाकण उघडून पाहतो आणि पुन्हा लावतो. लॅपटॉप घेऊन कंपनीचा माणूस येईपर्यंत गाडी उभी. सहा ब्याण्णव ज्या कारणासाठी निवडले गेले ते कारणच संपले आहे. मालक आता विचारतो ते सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे एवढेच. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये मात्र वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि थोडी ताकद, थोडे डिझेल खातो. मालक लोक त्याबद्दल कुरकुरताना मी ऐकले आहे.